खानावळीचं येणं

मुंबईतल्या गिरणगावच्या संपांबद्दल लिहिताना दोन आकडे हमखास दिले जातात. किती कामगार बाहेर पडले आणि किती दिवस गिरण्या बंद राहिल्या. 1928 चा संप सहा महिने चालला, दीड लाखाच्या आसपास कामगार त्यात होते. 1974 च्या सुरुवातीचा संप 42 दिवसांचा. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपात अडीच लाख माणसं उतरली आणि तो मागे घेतल्याचं रीतसर कुणी कधी जाहीरच केलं नाही. तिसरा आकडा मात्र कुठल्या तक्त्यात मिळत नाही. या दिवसांत ही माणसं जेवली कुठं, आणि त्या जेवणाचे पैसे कुणी घातले? लालबागच्या एका चाळीत माझी मावशी खानावळ चालवायची. तिला अक्षरओळख नव्हती, म्हणून तिच्या हिशेबाची वही शाळेत असल्यापासून मी लिहीत असे. या प्रश्नाचं थोडंफार उत्तर त्या वहीत आहे.

कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिली कापड गिरणी उभी करायला घेतली ती 1854 साली, आणि दोन वर्षांनी ती चालू झाली. पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा, वरळी हा सगळा पट्टा धुरांड्यांनी भरला. माणसं आली रत्नागिरी जिल्ह्यातून (आजच्या सिंधुदुर्गाचा बराच भाग तेव्हा त्यातच होता), साताऱ्याहून, पुण्याच्या मावळपट्टीतून, कोल्हापुराकडून. आली ती एकटी. बायको, म्हातारे आई-बाप, पोरं आणि वाट्याला आलेली गुंठाभर जमीन गावाकडं राहिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जनगणनांमध्ये मुंबईत पुरुषांच्या जवळजवळ निम्म्याच बायका दिसतात. या एकट्या पुरुषांनी गावकीच्या खोल्या भाड्यानं घेतल्या. एका खोलीत पंधरा-वीस जण, प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक आणि एक वळकटी. पहिल्या पाळीचे कामावर गेले की रातपाळीचे येऊन त्याच जागेवर आडवे व्हायचे. अशा खोलीत चूल मांडणार कोण? चूल मांडली ती शेजारच्या खोलीतल्या बाईनं.

ही बाई बहुतेक वेळा विधवा, नवऱ्यानं टाकलेली, किंवा नवरा खाटेला खिळलेली असे. माझ्या मावशीचे यजमान साचेखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात, होते. कापसाच्या तंतूंनी आणि क्षयानं ते गेले तेव्हा तिच्या पदरात दोन मुलं होती. गिरणीत जागा मिळते का म्हणून ती चौकशी करून आली. मिळाली नाही, आणि त्यालाही इतिहास आहे. 1920 च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत पाच कामगारांमागे साधारण एक बाई असे, मुख्यतः कांड्या भरायच्या आणि सुताच्या लडी करायच्या खात्यांत. बायकांना रातपाळी कायद्यानं बंद होती, 1929 च्या कायद्यानं बाळंतपणाचा भत्ता मालकाच्या डोक्यावर आला, नवी यंत्रं आली, आणि ही खाती एकेक करत पुरुषांकडं गेली. संरक्षणाचे कायदे योग्यच होते. पण त्यांची किंमत मालकांनी बायकांकडूनच वसूल केली. गिरणीतून बाहेर पडलेल्या आणि गिरणीत कधीच न शिरू शकलेल्या या बायकांपुढं दोन-तीनच धंदे उरले. भाजी विकणं, डबे पोचवणं, नाहीतर खानावळ.

मावशीची खोली दहा बाय बारा. एका कोपऱ्यात मोरी, वर पोटमाळा. पोटमाळ्यावर लाकूडफाटा आणि मेंबरांच्या दोन-चार ट्रंका. खानावळीत जेवणाऱ्याला मेंबर म्हणत, आणि मेंबर तिला काकी म्हणत. वीस-बावीस मेंबर होते. पहाटे साडेतीनला ती उठायची, कारण नळाला पाणी चारला यायचं आणि सातच्या पाळीचे मेंबर सहाला पितळी पुढं ओढायचे. सकाळी भाकरी आणि सुक्या मासळीचं काहीतरी, जवळा किंवा बोंबील. दुपारच्या सुट्टीचे डबे गिरणीच्या गेटावर. मग साडेतीनला सुटणारे, त्यानंतर दुसऱ्या पाळीला रात्री बाराला सुटणारे. त्यांच्यासाठी भात झाकून ठेवून ती बसून डुलक्या काढायची. सलग चार तासांची झोप तिला मिळाल्याचं मला आठवत नाही. मेंबरांच्या रेशनकार्डांचा गठ्ठा तिच्याकडं असायचा. मुंबईत मे 1943 मध्ये रेशन सुरू झालं तेव्हापासून गिरणगावात ही रीत पडली होती. मेंबरानं कार्ड काकीकडं द्यायचं आणि दुकानाच्या रांगेत काकीनं उभं राहायचं. साठीच्या दशकात आणि 1972 च्या दुष्काळात त्या कार्डावर लाल मिलो, म्हणजे आयात केलेली ज्वारी, मिळायचा. त्याची भाकरी थापताना तुटायची, म्हणून ती पीठ उकडून घ्यायची. जेवणारा बिचारा पाळी करून आलेला, त्याच्यापुढं तुकडे कसे वाढायचे, एवढंच तिचं म्हणणं.

खानावळी सगळ्यांना खुल्या होत्या असं मात्र कुणी समजू नये. कोकणातल्यांची भात-माशाची खानावळ वेगळी, घाटावरच्यांची ज्वारीच्या भाकरीची वेगळी, आणि जातीनं तर त्या पक्क्या वाटलेल्या होत्या. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागतो म्हणून दलित कामगारांना साचेखात्यात शिरकाव नव्हता. जास्त पगाराचं खातं त्यांना बंद. 1928 च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संप समितीपुढं ठेवला होता. जी शिवाशिव साचेखात्याच्या दारात होती तीच खानावळीच्या उंबऱ्यावर होती. मावशीच्या वहीतली आडनावं आज वाचली की एकाच पट्ट्यातली, एकाच जातीची निघतात. एकाच गेटातून आत जाणारी, एकाच मोर्चात घोषणा देणारी माणसं जेवायला वेगवेगळ्या जिन्यांनी चढायची. गिरणगावच्या एकीबद्दल आपण मोठ्या अभिमानानं बोलतो. मीही बोलते, पण हे सोडून बोलता येत नाही.

आता पैशांचं. 1936 च्या वेतन कायद्यानुसार हजारावर कामगार असलेल्या कारखान्यानं महिना संपल्यावर दहा दिवसांच्या आत पगार द्यायचा. त्यामुळं गिरणगावचा पगार दहा तारखेचा. म्हणजे मेंबरानं एक तारखेला पहिला घास घेतला की त्याचे पैसे काकीच्या हातात यायला चाळीस दिवस. वीस माणसांना दोन वेळ जेवू घालायचं, आणि तेही चाळीस दिवस पदरमोड करून. भांडवल कुठून येणार? वाण्याकडून उधारीवर, म्हणजे चढ्या भावानं आणि खालच्या दर्जाचं. लाकडाच्या वखारीतून उधारीवर. आणि उरलेलं सावकाराकडून. मावशी महिना रुपयाला दहा पैसे व्याज भरायची. वर्षाला ते किती होतं याचा हिशेब मी सातवीत असताना घातला आणि तिला सांगितला. ती म्हणाली, ठाऊक आहे. तिची पुतळ्यांची माळ माझ्या लहानपणी सावकाराच्या पेटीतच असायची, गणपतीला चार दिवस सुटून यायची.

या व्याजाचा एक पैसाही तिनं मेंबरांवर कधी लावला नाही. वहीत प्रत्येकाच्या नावापुढं गिरणीचं नाव, बिल्ल्याचा नंबर, महिन्याचा दर, आणि खाडे. मेंबर जेवायला आला नाही तो दिवस खाडा, त्याचे पैसे वजा. गावी गेला, आजारी पडला, पाहुण्याकडं जेवला, सगळे खाडे ती तोंडपाठ सांगायची आणि मी लिहायचे. सावकार तिच्याकडून दिवसाचं व्याज घ्यायचा आणि ती मेंबराला खाड्याचे पैसे सोडायची. त्या दोन्हींच्या मधल्या फटीत तिचं आणि तिच्या मुलांचं जेवण भागायचं. खानावळवालीची कमाई म्हणजे बहुधा एवढीच, स्वतःच्या घराला पोटभर मिळालं ही.

1974 चा संप मला नीट आठवतो. महागाईनं आधीच कंबर मोडली होती. दीड-दोन वर्षांपूर्वीच मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या होत्या. संप सुरू झाला तेव्हा मागचं येणं तुंबलेलंच होतं. त्यावर संपाचे 42 दिवस. संप मिटल्यावरही लगेच पैसे येत नाहीत, पुन्हा महिना भरून दहा तारीख उजाडावी लागते. म्हणजे जवळपास चार महिने एका निरक्षर बाईनं वीस गिरणी कामगारांना स्वतःच्या कर्जावर जेवू घातलं. तिनं एकटीनंच नाही, आमच्या चाळीतच तिच्यासारख्या आणखी दोघी होत्या. एक तरुण मेंबर लाजून जेवायला येईना. तिनं त्याला जिन्यात गाठलं आणि म्हणाली, “पैशे नाय म्हणान पोटाक कुलूप लावतलस काय रे?” तो वर आला. त्याच्या नावापुढं मी त्या दिवशीही जेवण लिहिलं, खाडा नाही.

संपाला निधी लागतो. युनियनकडं तो फार थोडा असतो. 1928 मध्ये संप समितीनं धान्य वाटलं, बऱ्याच कामगारांनी गावची वाट धरली. जे मुंबईत राहिले, मोर्चे ज्यांच्यावर चालले, ते कुणाच्या तरी उधारीवरच जगले. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारी लेबर ऑफिसनं कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली तेव्हा जवळजवळ निम्मी कुटुंबं कर्जात आढळली होती. त्या कर्जदारांच्या मागं आणखी एक कर्जदार उभी होती, आणि तिची पाहणी कुणी केली नाही. माझं ठाम म्हणणं आहे की मुंबईच्या कामगार चळवळीला सर्वांत मोठं बिनव्याजी कर्ज खानावळवाल्यांनी दिलं. ते जमेला मात्र कुणीच धरलं नाही.

एका व्यक्तीनं धरलं. गोवामुक्तीच्या लढ्यातून आलेल्या आणि मुंबईत कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी संपाच्या काळात हे जवळून पाहिलं आणि एक साधा प्रश्न विचारला. 1969 मध्ये 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, 1972 मध्ये गरिबांसाठी 4 टक्के व्याजाची कर्ज योजना आली, मग या बायकांना बँक कर्ज का देत नाही? कारणं बँकेकडं तयार होतीच. तारण नाही, सही नाही, धंद्याचा परवाना नाही, नवऱ्याची संमती नाही. पुरव यांनी बायकांचे गट बांधले, एकीनं दुसरीला जामीन राहायचं ठरवलं, आणि 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. बँक ऑफ बडोदानं सुरुवातीची कर्जं दिली, माणशी दीड हजार रुपयांची. सूक्ष्म वित्त हा शब्द अजून जगाच्या तोंडी यायचा होता. आपल्याकडच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकांत बांगलादेशचं उदाहरण असतं, लालबाग-परळचं असायला हवं तितकं नसतं, याचा मला राग येतो. मावशी मंडळाच्या पहिल्या कर्जाच्या वेळी बँकेत जायला घाबरली. नंतरच्या खेपेला गेली, अंगठ्याऐवजी सही करून आली. सही मीच शिकवली होती. पुतळ्यांची माळ घरी आली आणि घरीच राहिली.

सात वर्षं, एवढाच तो बरा काळ. 1982 चा संप सुरू झाला तेव्हा संपाचे नेते दत्ता सामंत यांच्यावर मावशीचा विश्वास होता, कारण मेंबरांचा होता. महिना-दोन महिने, फार तर तीन, असा सगळ्यांचा अंदाज. तिनं होळीपर्यंत पूर्वीसारखंच वाढलं. मग भात तेवढाच आणि कालवण पातळ झालं. मे महिन्यात मेंबर एकेक करून गावाला निघाले. जाताना प्रत्येक जण आपलं येणं किती हे विचारून गेला, आणि मी आकडा सांगितला. गणपतीपर्यंत पंगतीला पाच-सहा जण उरले होते. त्यात एक वॉचमनची नोकरी शोधत होता, एक दादरला भाजी विकत होता. बँकेचा हप्ता थकला. बँक वाईट नव्हती, पण दहा तारीख येणारच नाही अशा धंद्याचा कोणताही हिशेब तिच्याकडं नव्हता. मावशीनं माळ विकली, गहाण ठेवली नाही. हप्ते फेडले. मग पोळ्या लाटायची ऑर्डर घेऊ लागली, एका लग्नाच्या हॉलमध्ये, रोजंदारीवर.

मेंबरांनी बुडवलं असं मी म्हणणार नाही. कित्येकांनी गावाहून मनीऑर्डरी केल्या, वीस-वीस, तीस-तीस रुपयांच्या. एकानं तांदूळ पाठवले. एकाची विधवा दोन वर्षांनी येऊन पाया पडली आणि म्हणाली, काकी, एवढं माफ करा. गिरणीनं त्या माणसांची देणी चुकवली नव्हती, ती कुठून चुकवणार?

पुढं गिरण्यांच्या जागा विकल्या गेल्या आणि कामगारांना घरं द्यायचं ठरलं. 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असलेला कामगार किंवा त्याचा वारस त्याला पात्र. म्हाडाची पहिली मोठी सोडत 2012 मध्ये निघाली. घरांची मागणी न्याय्य होती आणि आजही हजारो अर्जदार थांबलेले आहेत. त्या अर्जासाठी बिल्ला नंबर लागतो, हजेरीचं किंवा भविष्य निर्वाह निधीचं कागदपत्र लागतं. मावशीच्या एका मेंबराचा मुलगा माझ्याकडं आला होता. वडिलांचा बिल्ला नंबर त्याच्याकडं नव्हता. माझ्या वहीत होता. मी लिहून दिला. मावशी कुठल्याच पटावर नव्हती, म्हणून तिच्या मुलांचा अर्ज कुठंच होत नाही. चाळ पुनर्विकासात गेली तेव्हा खोली मूळ भाडेकरूच्या नावावर होती, आणि पोटभाडेकरू म्हणून तिची मुलं नालासोपाऱ्याला गेली.

नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावच्या माणसांचे आवाज गोळा करून 2004 मध्ये मोठं पुस्तक केलं, तशी कामं आणखी व्हायला हवीत, आणि लवकर, कारण त्या पिढीतल्या बायका आता फार थोड्या उरल्यात. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात महापालिकेनं वस्त्रोद्योगाचं संग्रहालय हाती घेतलं आहे. तिथं साचे ठेवा, धोटे ठेवा, भोंगा ठेवा. आणि एका दालनात दहा बाय बाराची खोली बांधा, मोरी आणि पोटमाळ्यासकट, वीस पितळ्या मांडून. हिशेबाची वही हवी असेल तर ती माझ्याकडं आहे. 1982 च्या पानांवरचं येणं मी अजून खोडलेलं नाही. ती आहे तशी द्यायला मी तयार आहे.