मूळगाठी : कोल्हापूर परिसर

शिंबावर्गीय पिकांच्या मुळांवर जमिनीतील ठरावीक जिवाणूंमुळे धरणाऱ्या गाठी. गाठीत राहणारे राइझोबियम गटातील जिवाणू हवेतला नत्र पिकाला घेता येईल अशा रूपात आणतात आणि पीक त्यांना साखर पुरवते. कोल्हापूर जिल्ह्यात सोयाबीन, भुईमूग, हरभरा आणि उसाआधी गाडले जाणारे ताग व धैंचा ही या गाठी धरणारी प्रमुख पिके.

शेतकऱ्याच्या बोलण्यात गाठींपेक्षा ‘बेवड’ हा शब्द अधिक येतो. बेवड म्हणजे आधीच्या पिकाने रानात मागे ठेवलेला गुण. भुईमुगाचा बेवड चांगला, हे अनुभवाने जुनेच ठाऊक होते. गाठी आणि हवेतला नत्र यांचा संबंध मात्र १८८६ मध्ये हेलरीगेल व विलफार्ट या जर्मन संशोधकांनी मांडला, आणि १८८८ मध्ये हॉलंडच्या बायरिंकने गाठींतला जिवाणू वेगळा काढून वाढवला.

सोयाबीनचे मूळ विशिष्ट रसायने पाझरते. ती ओळखून जिवाणू उलट संकेत सोडतो, मूलरोम वाकडा होऊन त्याला कवेत घेतो आणि एका बारीक नळीवाटे जिवाणू आत शिरतो. भुईमुगात ही वाट नाही. तिथे उपमूळ फुटताना साल जिथे फाटते, त्या फटीतून जिवाणूचा प्रवेश होतो. आत गेल्यावर खरी अडचण प्राणवायूची. नत्र बांधणारे विकर प्राणवायूने निकामी होते, पण जिवाणूला श्वासासाठी तोच हवा असतो. गाठीतले लेगहिमोग्लोबिन हे रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातले द्रव्य प्राणवायू धरून तो बेताबेताने पुरवते. म्हणून कामाची गाठ नखाने फोडली की आतून गुलाबी-लाल दिसते, थकलेली हिरवट किंवा तपकिरी. सूत्रकृमीची गाठ वेगळी ओळखावी : तिथे मूळच फुगलेले असते. जिवाणूची गाठ मुळाला बाजूने चिकटलेली असते आणि सहज सुटते.

प्रत्येक जिवाणू प्रत्येक पिकाला चालत नाही. भुईमूग, तूर, मूग, उडीद, ताग यांना चवळी गटातला चालतो आणि तो आपल्या रानांत बहुधा असतोच. हरभऱ्याचा वेगळा. सोयाबीन हे बाहेरून आलेले पीक. त्याचा जिवाणू पहिल्यांदाच सोयाबीन घेणाऱ्या रानात पुरेसा असेलच असे नाही, म्हणून तिथे बीजप्रक्रियेचे मोल सर्वाधिक. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम संवर्धक (पाकिटात मिळणारे हे जिवाणू) गुळाच्या थंड पाण्यात कालवून चोळतात आणि बी सावलीत सुकवून लगेच पेरतात. चिकटवायला गूळच लागतो, ही कोल्हापूरकराच्या सोयीची गोष्ट. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, संवर्धक शेवटी. संवर्धकाचे पाकीट उन्हात राहिले तर आतले जिवाणू मरतात, मग चोळून उपयोग नाही.

जमीनही आड येते. शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा या पश्चिमेकडच्या तालुक्यांतील तांबड्या जांभ्या मातीत आम्लता जास्त. तिथे गाठी कमी धरतात, आणि नत्र बांधणाऱ्या विकराला लागणारे मॉलिब्डेनमही अशा मातीत मुळांना सहज मिळत नाही. शिरोळकडे उलट दुखणे : अति पाण्याने क्षारपड झालेली रानेही गाठींना मानवत नाहीत. पाणी तुंबले की गाठींचा श्वास कोंडतो. २०१९ आणि २०२१ सारख्या महापुरांत पंचगंगाकाठच्या पिकांवर ओढवलेल्या संकटांपैकी हे एक. मातीत आधीच भरपूर नत्र असेल तर पीक गाठी पोसायचे टाळते. सोयाबीनला सढळ हाताने युरिया टाकणे म्हणजे विकतचे देऊन फुकटचे बंद करणे.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत भुईमुगाला हेक्टरी २५ किलो नत्र आहे, सुरू उसाला २५० आणि आडसालीला ४०० किलो. हा फरक पाहून शिंबावर्गीय पिकामागून येणाऱ्या उसाचे खत बरेच वाचेल असे वाटते, पण तो हिशेब सरळ नाही. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात, म्हणजे सहा टक्क्यांहून अधिक नत्र. हेक्टरी २० क्विंटल दाणे बाजारात गेले की त्यांच्याबरोबर सव्वाशे किलोच्या आसपास नत्र रानाबाहेर जातो. मागे राहतात गळालेली पाने, मुळे आणि टाकले तर भुसकट. भुईमूग तर उपटूनच काढतात. गाठी बऱ्याचशा मुळांबरोबर निघतात, पाला जनावरांपुढे जातो आणि शेणखत होऊन परत आला तर आला. बेवडाची ख्याती खोटी नाही, मात्र तिच्यात गळलेल्या पाल्याचा, मोकळ्या झालेल्या मातीचा आणि पीकपालटाचाही वाटा आहे.

जे बांधले ते सगळे रानातच ठेवणारी पिके ताग आणि धैंचा. पेरल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत, फुलोरा येऊ लागताच ती गाडतात. उशीर झाला तर तागाचे खोड वाखासारखे चिवट होते, कुजायला वेळ लागतो आणि उसाची लागण लांबते.