चार्ल्स आणि कॅरोलाइन इंगल्स : माळावरचा संसार आणि कागदावरचा संसार

अमेरिकेच्या मध्यभागी पसरलेल्या गवताळ प्रदेशाला, म्हणजे प्रेअरीला, त्या देशाच्या स्मृतीत एक खास स्थान आहे. कापडी छताची गाडी, गाडीत बायकामुले, सोबत बियाणे व नांगर, आणि स्वतःच्या मनगटावर विसंबून निर्जन माळाला शेत करणारा माणूस, असे ते चित्र आहे. हे चित्र जगभरच्या वाचकांच्या मनात रुजवण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात लॉरा इंगल्स वाइल्डर या लेखिकेकडे जाते. आईवडिलांच्या संसारावर आधारलेली तिची कादंबरीमाला १९३२ पासून प्रसिद्ध होऊ लागली. त्या मालेतले 'पा' आणि 'मा' म्हणजे चार्ल्स आणि कॅरोलाइन इंगल्स. हे दोघे खरोखर होऊन गेले आणि त्यांच्या संसाराच्या खुणा जनगणनेत, जमिनीच्या दप्तरात, सरकारी मदतीच्या नोंदींत शिल्लक आहेत. कादंबरी आणि दप्तर शेजारी ठेवून वाचले की दोहोंमधील अंतर जाणवते. ते अंतर म्हणजे केवळ कल्पनेने घेतलेले स्वातंत्र्य, असे म्हणून सोडून देता येत नाही.

चार्ल्सचा जन्म १८३६ चा, न्यूयॉर्क राज्यातला. कॅरोलाइनचा १८३९ चा, विस्कॉन्सिनमधला. विवाहापूर्वी ती शाळेत शिकवीत असे. १८६० च्या फेब्रुवारीत त्यांचा विवाह झाला. मेरी १८६५ मध्ये जन्मली, लॉरा १८६७ मध्ये. कॉन्ग्रेसने केलेला १८६२ चा होमस्टेड कायदा लागू होऊन बराच काळ लोटलेला नव्हता, आणि पश्चिमेकडे जाणाऱ्यांची रीघ लागली होती. या कायद्यान्वये अल्प शुल्क भरून १६० एकर सरकारी जमिनीवर दावा सांगता येई. पाच वर्षे तेथे राहून ती कसली की मालकीपत्र मिळे. एकवीस वर्षांवरील पुरुषाला हा हक्क होता, तसाच अविवाहित स्त्रीला आणि विधवेलाही होता. नवऱ्यासोबत नांदणाऱ्या स्त्रीला मात्र स्वतःच्या नावे दावा सांगता येत नसे. म्हणजे विवाह करून माळावर आलेली स्त्री श्रमात अर्धी वाटेकरी आणि कागदावर नवऱ्याच्या कुटुंबातली एक व्यक्ती, एवढीच उरे.

१८६९ मध्ये हे कुटुंब कॅन्ससला पोचले. चार्ल्सने जेथे लाकडी घर बांधले ती जमीन होमस्टेडसाठी खुली नव्हती. ती ओसेज या मूळ निवासी लोकांची राखीव भूमी होती. १८७० च्या जनगणनेत इंगल्स कुटुंबाची नोंद आहे, पण तेथील वसाहतकारांच्या नावापुढे जमिनीचे मोल मांडलेले नाही. जमीन ओसेज लोकांची असल्यामुळे वसाहतकारांचा तिच्यावर हक्क नव्हता. याच वर्षी कॅरीचा जन्म येथे झाला. जुलै १८७० मध्ये कॉन्ग्रेसने कायदा करून ओसेज लोकांना दक्षिणेकडे हलवण्याचे आणि ही जमीन एकरी सव्वा डॉलरने वसाहतकारांना विकण्याचे ठरवले. कादंबरीत सरकारी सैनिक हुसकावतील या भीतीने 'पा' संतापून गाडी जुंपतो. इतिहास उलट दिशेने गेला होता. कायदा वसाहतकारांच्या बाजूने झाला होता आणि कायमचे जावे लागले ते ओसेज लोकांना. इंगल्स कुटुंब १८७१ मध्ये परतले, त्याचे एक कारण अगदी व्यावहारिक होते : त्यांची विस्कॉन्सिनमधली शेती विकत घेणाऱ्याला हप्ते भरणे जमले नाही आणि ती शेती त्यांच्याकडे परत आली.

कॅन्ससवरची कादंबरी १९३५ मध्ये निघाली. त्या प्रदेशात माणसे नव्हती, मूळ निवासी तेवढे होते, अशा अर्थाचे एक वाक्य तिच्यात होते. अनेक वर्षांनी एका वाचकाने त्यावर बोट ठेवले, तेव्हा लेखिकेने चूक मान्य केली आणि १९५३ च्या आवृत्तीत 'माणसे' या शब्दाच्या जागी 'वसाहतकार' हा शब्द आला. एका शब्दाची ही दुरुस्ती. पण त्या एका शब्दावर निर्जन माळाचे सारे मिथक उभे होते.

दुसरे मौन भुकेविषयीचे आहे. १८७४ मध्ये हे कुटुंब मिनेसोटात वॉलनट ग्रोव्हजवळ आले आणि ओढ्याच्या काठात खोदलेल्या मातीच्या घरात राहू लागले. त्या राज्यावर १८७३ पासून १८७७ पर्यंत टोळधाडी येत होत्या. १८७५ चा गहू टोळांनी फस्त केला. चार्ल्स कापणीच्या मजुरीसाठी पायी पूर्वेकडे गेला. गर्भवती कॅरोलाइन तीन मुलींसह मागे राहिली. नोव्हेंबरच्या आरंभी त्यांना मुलगा झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस चार्ल्सने आपण सर्वस्वी निर्धन असल्याचे अधिकाऱ्यांसमोर लिहून दिले आणि राज्याच्या मदतीतून पिठाची दोन अर्धी पिंपे घेतली. टोळधाड कादंबरीत सविस्तर आहे, हे पीठ मात्र नाही. फ्रेडी या नावाने हाक मारला जाणारा तो मुलगाही नाही. पुढच्या ऑगस्टमध्ये, आयोवाच्या वाटेवर नातलगांकडे मुक्काम असताना, नऊ महिन्यांचा होऊन तो गेला.

आयोवातील बर ओक या गावी चार्ल्स आणि कॅरोलाइन एका खाणावळवजा हॉटेलात राबले. धाकटी ग्रेस तेथे १८७७ मध्ये जन्मली. त्याच वर्षी घरमालकाचे देणे मागे ठेवून कुटुंबाने रात्रीतून गाव सोडले. कादंबरीमालेतून हे सारे पर्व गळले आहे. ते आपल्याला कळते ते लॉराने १९३० मध्ये लिहिलेल्या आत्मकथनातून. प्रकाशकांनी तेव्हा नाकारलेले ते हस्तलिखित २०१४ मध्ये सटीप प्रसिद्ध झाले. कॅरोलाइन फ्रेझर यांच्या २०१७ च्या चरित्रग्रंथाने या नोंदींना आर्थिक आणि पर्यावरणीय इतिहासाची चौकट दिली. त्या ग्रंथाला २०१८ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

डकोटातील वास्तव्याची कथाही अशीच दुहेरी आहे. १८७९ मध्ये मेरीची दृष्टी गेली. त्याच वर्षी चार्ल्सने रेल्वेच्या बांधकामावर हिशेबनिसाचे काम धरले, आणि १८८० मध्ये डी स्मेटजवळच्या जमिनीवर दावा सांगितला. १८८०–८१ च्या हिवाळ्यात हिमवादळांनी रेल्वे महिनोन्महिने बंद पडली. गवत पिळून त्याचे सरपण करावे लागले, कॉफीच्या चक्कीत गहू दळून भाकर करावी लागली. हे हाल खरे आहेत. आत्मकथनात मात्र त्या हिवाळ्यात आणखी एक तरुण जोडपे तान्ह्या बाळासह याच घरात राहत होते. कादंबरीने त्यांना वगळले आणि एकाकी कुटुंबाचे चित्र अधिक गडद झाले. मेरी १८८१ मध्ये आयोवातील अंधांच्या महाविद्यालयात गेली, तेव्हा तिच्या शिक्षणाचे शुल्क डकोटा प्रदेशाच्या शासनाने भरले. कादंबरीत हा खर्च कुटुंबाच्या काटकसरीवर आणि लॉराच्या कमाईवर उभा राहतो.

१८८६ मध्ये चार्ल्सने जमिनीवरचा हक्क सिद्ध केला. सव्वीस वर्षांच्या संसारानंतर मिळालेल्या या शेतावर तो फार काळ टिकला नाही. काही वर्षांतच शेती सोडून तो गावात राहायला गेला आणि सुतारकाम, दुकानदारी, विम्याची विक्री अशी कामे करीत राहिला. १९०२ मध्ये तो वारला. रॉकी माउंटन टोळ या जातीचे शेवटचे जिवंत नमुने त्याच वर्षी मिळाले. पुढे ती जात नष्ट झाली.

या साऱ्यावरून इंगल्स दांपत्याचे कष्ट खोटे ठरत नाहीत. उलट दप्तरातले कष्ट कादंबरीतल्या कष्टांहून अधिक आहेत. गळले आहे ते परावलंबन : दुसऱ्यांची भूमी, राज्याचे पीठ, रेल्वेची मजुरी, शासनाने भरलेले शुल्क. लॉरा आणि तिच्या लेखनावर संस्कार करणारी तिची मुलगी रोझ या दोघींनी ही पुस्तके १९३० च्या मंदीत घडवली. सरकारी मदतीच्या 'न्यू डील' धोरणाला दोघींचाही विरोध होता. मदत न घेता तगलेल्या पूर्वजांची कथा त्यांना तेव्हा हवी होती. पण एवढ्या कारणाने सगळे उलगडत नाही. निर्धनतेचा लेखी कबुलीजबाब आणि गमावलेले मूल यांविषयीचे मौन हे राजकारणाइतकेच घराच्या अब्रूचे आणि दुःखाचे मौन असावे. वाचक म्हणून आपल्याला ही दोन्ही मौने वेगवेगळी ऐकता आली पाहिजेत.

कॅरोलाइनचे मौन तर तिसऱ्याच प्रकारचे आहे. दावा नवऱ्याच्या नावे, मालकीपत्र नवऱ्याच्या नावे, आणि कादंबरीत ती शांत, नीटनेटकी, क्वचितच मनातले बोलणारी. १९२४ मध्ये ती गेली. पुढच्याच वर्षी लॉराने आपल्या मावशीला, मार्थाला, पत्र लिहून आईच्या बालपणाच्या आठवणी कळवायला सांगितल्या. ज्या स्त्रीचा संसार पुढे जगभर वाचला गेला, तिची स्वतःची गोष्ट तिच्या लेकीलाही दुसऱ्या कोणाकडून मागवावी लागली.