दिंडीची परसाकडची सोय : शंभर वर्षांचा हिशेब

शताब्दीच्या या अंकात विण्याची परंपरा, फडाचे नेम, अन्नदाते, मृदंगी, चोपदार यांच्यावर जाणत्या मंडळींनी लिहिलेलंच आहे. ज्या विषयावर कोणी लिहिणार नाही तो आम्ही मागून घेतला. संपादक मंडळी आधी हसली. मग एक ज्येष्ठ माळकरी म्हणाले, "बुवा, लिवा. वारीत माणूस जेवल्याशिवाय एक दिवस काढील, पण ह्याच्याशिवाय न्हाई." म्हणून हे लिहीत आहोत. आम्ही चौथी शिकलेलो, शेतकरी माणूस. भाषेत कमीजास्त झालं तर माउलींनी सांभाळून घ्यावं.

दिंडी सुरू झाली तेव्हा संडास हा शब्दच आपल्या लोकांत नव्हता. परसाकडं जाणं, बहिर्दिशेला जाणं, झाड्याला जाणं असं म्हणत. हातात टमरेल, नाहीतर पितळी तांब्या, आणि ओढ्याच्या नाहीतर बांधाच्या कडेनं चालू पडायचं. आमच्या आज्यांच्या वेळी दिंडीत माणसं साठ-सत्तर. तळ उठला की मागं काही राहत नसे, राहिलं तर ऊन, पाऊस, किडा-मुंगी त्याचं मातेरं करून टाकी. त्या वेळच्या जाणत्यांचा एक नेम होता. कुदळीनं वीतभर खड्डा उकरायचा, बसायचं, वर माती लोटायची. मांजराला कळतं ते माणसाला कळू नये काय, असं आजे म्हणत. हा मातीचा नेम म्हणजेच आमच्या मते आपल्या दिंडीचा पहिला संडास. भिंत नाही, छप्पर नाही, पण त्याची अक्कल पुढच्या सगळ्या संडासांत आहे. मैला झाकला की माशी बसत नाही, वास मरतो आणि त्याचं खत होतं.

पण साठ माणसांचा नेम सहा लाखांना पुरत नाही. सगळ्या पालख्या पंढरीत एकत्र आल्या की जे व्हायचं ते पटकी. जुन्या लोकांना आषाढीच्या आनंदाइतकीच पटकीची धास्ती असे. माणूस सकाळी भजनात उभा आणि सांजच्याला नाही, असं झालेलं आहे. कोणी म्हणे देवीचा कोप, कोणी म्हणे हवा बिघडली. खरं कारण पाण्यात होतं. एका माणसाचा मैला पावसाबरोबर ओढ्यात, ओढा नदीत, आणि त्याच नदीचं पाणी दुसऱ्याच्या घागरीत. आषाढी येते ती नेमकी पावसात. सरकारनं पुढं लस काढली. पंढरपूरच्या नाक्यावर टोचून घेतल्याशिवाय आत सोडत नसत, हे आपल्यातल्या वयस्कर लोकांच्या दंडाला अजून आठवत असेल. लस उपयोगी होतीच, पण पटकी हटली ती नळाचं पाणी आलं आणि मैला पाण्यापासून लांब गेला तेव्हा, असं आमचं मत आहे.

आता पंढरपूर गावातली गोष्ट. तिथं वाड्यांना संडास होते, पण ते टोपलीचे. बैठकीची फळी किंवा दगड उंचावर, मधे भोक, खाली टोपली नाहीतर पत्र्याचा डबा. मागच्या बाजूला अरुंद बोळ आणि भिंतीला गुडघ्याएवढं दार. त्या दारातून मेहतर समाजाचा माणूस, बऱ्याचदा बाईमाणूस, तो डबा ओढून काढी आणि डोक्यावरून वाहून नेई. यात्रेत वाड्यात शे-दोनशे वारकरी उतरलेले. डबा भरून वाहायचा. वर बसणाऱ्याला खालचा माणूस दिसू नये, अशीच त्या संडासाची बांधणी होती. गवंड्यानं ती विचार करूनच केली होती.

आम्ही वारकरी एकमेकांच्या पाया पडतो. लहान-थोर, जात-पात वाळवंटात राहत नाही असं कीर्तनात सांगतो, आम्हीही सांगतो. पण त्या बोळातल्या बाईच्या पाया कोणी पडल्याचं आम्ही ऐकलेलं नाही. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं आणि हरिजनांना विठ्ठलाचं दार उघडलं. ते मोठं दार उघडलं, पण बोळातलं लहान दार त्यानंतरही पुष्कळ वर्षं उघडझाप होतच राहिलं. मैला हातानं उचलायला बंदी करणारा पहिला कायदा झाला १९९३ ला, आणि तो पुरा पडेना म्हणून दुसरा करावा लागला २०१३ ला. साल मुद्दाम लिहिलं आहे. पिढ्या किती गेल्या ते ज्यानं त्यानं मोजावं.

हे लहान दार बुजवायला निघालेला एक माणूस कोकणातला, अप्पासाहेब पटवर्धन. १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तिथं त्यांनी भंगीकाम मागितलं. सवर्ण कैद्याला ते काम देता येत नाही असं सरकार म्हणालं, तेव्हा त्यांनी अन्न कमी केलं आणि गांधीजींनी येरवड्यात त्यांच्यासाठी उपास केला. पुढं कणकवलीला त्यांनी गोपुरी आश्रम काढला आणि तिथं संडास बांधून दाखवला, तो गोपुरी संडास. जमिनीच्या वर दोन हौद, त्यावर बैठक. एक हौद वापरायचा, झालं की मूठभर माती, राख, पालापाचोळा टाकायचा. लघवी वेगळी काढायची, म्हणजे हौद ओला होत नाही आणि वास येत नाही. पहिला भरला की दुसऱ्यावर बसायचं. तोवर पहिल्यातल्या मैल्याची माती होते, आणि मागच्या दारानं ती खत म्हणून काढायची. दार इथंही मागंच आहे बघा. पण त्यातून मैला निघत नाही, सोनखत निघतं, आणि ते काढायला अमुक जातीचाच माणूस लागत नाही.

अप्पासाहेबांची ही विद्या वारीच्या उगमापाशी पोचली ती डॉ. सुहास मापुसकरांमुळं. देहूला जाणाऱ्या प्रत्येक वारकऱ्यानं हे नाव लक्षात ठेवावं. साठ सालाच्या सुमाराला हा तरुण डॉक्टर देहूच्या दवाखान्यात आला. तुकोबारायांचं गाव, पण संडास जवळपास नाहीच, सगळी हागणदारी. येणारे रोगी हगवणीचे आणि जंताचे. औषध द्यायचं, माणूस बरा व्हायचा, परत त्याच वाटेनं जायचा आणि परत आजारी पडायचा. डॉक्टरांनी ओळखलं की बाटलीतल्या औषधानं हे हटायचं नाही. त्यांनी सरकारी नमुन्याचे काही संडास बांधून घेतले. पावसाळा आला आणि ते ढासळले. लोक म्हणाले असतील, बघा, देवाच्या गावात नसते उद्योग. दुसरा असता तर बदली मागून गेला असता. हे गेले अप्पासाहेबांकडं आणि त्यांचा सोपा संडास शिकून आले. त्यात बैठक एकीकडं आणि खड्डा बाजूला असतो, त्यामुळं बसणाऱ्याच्या पायाखाली पोकळी नाही आणि ढासळायची भीती नाही. मैला उतारावरून घसरत जातो आणि तोंडाशी झडप असते, म्हणून माशी आत जात नाही आणि वास वर येत नाही. सामान गावात मिळेल ते. असं करत करत घरं एकेक तयार झाली.

पुढं माणसाच्या मैल्यावर गॅस करणारं संयंत्र त्यांनी तयार केलं. त्याचं नाव मलप्रभा. मलातून प्रभा, म्हणजे उजेड. नाव ऐकलं तेव्हा आम्ही दोन मिनिटं गप्प बसलो. ते नाव आम्ही कीर्तनात पुष्कळ वेळा घेतलं आहे, आणि त्यावर नाक मुरडणारेही भेटले आहेत. डॉक्टर २०१५ ला गेले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

आता आपल्या तळाकडं येऊ. दिंडी वाढली, तशी ग्रामपंचायत आणि आरोग्य खातं तळाच्या कडेला चर खणून देऊ लागलं. चर म्हणजे फूटभर रुंद, दीड-दोन फूट खोल नाली. दोन्ही कडांवर पाय ठेवायचे, खणलेली माती शेजारीच वरंबा करून ठेवायची आणि उठताना फावडंभर ओढायची. भोवती तरटाचा आडोसा. खणणाऱ्याला अक्कल असेल तर चर वाऱ्याच्या खालच्या अंगाला आणि विहिरीपासून लांब. नसेल तर स्वयंपाकाच्या राहुटीशेजारी, तेही आम्ही पाहिलं आहे. चराचा खरा शत्रू म्हणजे आषाढाचा पाऊस. काळ्या रानात चर भरला की काठ सुटतो, पाय घसरतो, आणि म्हातारा माणूस चरात. हसण्यावारी नेऊ नका, हात मोडलेले आहेत.

बायांची गोष्ट त्याहून वेगळी. पुरुष कुठंही बसेल. बाया पहाटे काकड्याच्या आधी जाणार, नाहीतर अंधार पडल्यावर. मधले सगळे तास कळ काढायची. आमची चुलती एकवीस वाऱ्या चालली. दुपारी पाणी दिलं की म्हणायची, "नको रं बाबा, पाणी पिलं की जागा हुडकावी लागती." दिवे घाटासारखी चढण भर उन्हात, आणि पाणी नको! लघवीची जळजळ, मूतखडा, चक्कर हे दिंडीतल्या बायांचं नेहमीचं दुखणं होतं, आणि त्यावर उपाय म्हणून जिरं-धण्याचं पाणी द्यायचो. खरा उपाय चार भिंती आणि कडी हा होता. तो समजायला पुरुषांच्या पंगतीला फार वर्षं लागली.

२०१५ पासून निर्मल वारी सुरू झाली आणि फिरते संडास आले. प्लास्टिकची खोली, आतून कडी, खाली बंद टाकी, आणि ती ओढून घ्यायला टँकर. पहिल्या वर्षी म्हातारी माणसं आत जाईनात, दार लागलं तर अडकू म्हणून. बाया मात्र लगेच रांगेत. बोलल्या काही नाहीत, पण दुपारचं पाणी पिऊ लागल्या. फिरत्या संडासाची खोड अशी की तो टँकरवर जगतो. टँकर वेळेवर आला नाही, पाण्याचा पिंप रिकामा राहिला, की दहा वाजता त्यात पाय ठेववत नाही आणि माणसं परत उसाकडं वळतात. रात्रीचा दिवा हवा. पायरी बुटकी हवी आणि धरायला आतून दांडी हवी, कारण आपल्यात गुडघ्याची माणसं जास्त. खोल्या देणाऱ्यांनी एकदा सत्तरीच्या माळकरणीला आत पाठवून विचारावं, मग नमुना ठरवावा.

चंद्रभागेचं वाळवंट आधी कसं असे ते लिहवत नाही. ज्या वाळूवर संतांचे पाय लागले तिथंच सकाळी नाक धरून चालावं लागे. शेवटी गोष्ट उच्च न्यायालयात गेली, वाळवंटातल्या तंबूंना अटकाव झाला आणि पलीकडं पासष्ट एकराचा तळ झाला. तेव्हा पुष्कळ फडकरी रागावले, परंपरेला हात घातला म्हणाले. वाळवंटात हागणं ही कोणत्या संतांची परंपरा, हे आम्ही तेव्हाही विचारलं होतं.

मठाच्या जागेत संडास बांधायचा ठरला तेव्हा समितीत दोन तट पडले. निम्म्यांना सेप्टिक टँक हवी होती, शहरात असते म्हणून. आमचं म्हणणं दोन खड्ड्यांच्या बाजूनं होतं. टँकमध्ये मैला कुजतो, पण पाणी बाहेर पडतं ते घाणच. त्याला शोषखड्डा लागतो, आणि काही वर्षांनी गाळ उपसावा लागतोच. तो उपसायला माणूस आत उतरला की विषारी वायूनं जीव जातो. एक उतरला तो पडला, त्याला काढायला दुसरा उतरला तोही पडला, अशा बातम्या दरसाल येतात. पडणारे कोणत्या वस्तीतले असतात ते सांगायला नको. तसल्या टाकीत माणूस उतरवणं हा आता गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी माळ घातलेल्या माणसानं ते करू नये.

दोन खड्ड्यांचं काम सोपं. भांडं जास्त उताराचं घ्यायचं, म्हणजे दीड-दोन लिटर पाण्यात साफ होतं. कोंबड्याला बोटभर पाणी राहतं, त्यानं वास अडतो. पुढं चौकोनी कुंडी आणि तिथून दोन नळ्या दोन खड्ड्यांकडं. एका नळीचं तोंड वीट लावून बंद. खड्डे साधारण मीटरभर रुंद आणि तेवढेच नाहीतर वीतभर जास्त खोल. दोहोंत मीटरभर अंतर, विटांचं जाळीदार बांधकाम, तळ मातीचाच. तळाला काँक्रीट करू नका. गवंडी हमखास करतो, मग पाणी जिरत नाही आणि दोष संडासाला लागतो. विहिरीपासून पन्नास फूट लांब. आपल्यासारखी काळी माती असेल तर भोवतीनं वाळूचा थर द्यायचा. एक भरला की वीट बदलायची, आणि भरलेला दीड-दोन वर्षं बंद ठेवायचा. उघडाल तेव्हा आत चहाच्या भुकटीसारखी माती, वास नाही.

मठात यात्रेपुरतीच गर्दी, म्हणून पहिला खड्डा भरायला पाच वर्षं लागली. उघडायच्या दिवशी विणेकऱ्यांनी पहिलं घमेलं स्वतः उचललं आणि त्यांच्यामागं आम्ही. जातीवार पाळी लावायची नाही हे समितीच्या वहीत लिहून ठेवलं आहे. ते खत मठाच्या तुळशीला आणि पेरूला घातलं. सध्या पूर्वेकडचा खड्डा चालू आहे. यात्रेला येणाऱ्या मंडळींनी त्यात प्लास्टिक, गुटख्याच्या पुड्या आणि कापड टाकू नये. बायांसाठी वेगळा झाकणाचा डबा आत ठेवलेला आहे. कार्तिकीच्या आधी पश्चिमेचा उपसायचा आहे, त्या दिवशी ज्यांना यायचं त्यांनी समितीकडं नाव द्यावं. घमेली मठात आहेत.