वेगवान बोटींची इंजिने : अतिउष्णता आणि अपुरी ऊब यांचे निदान

समुद्रात वेगाने जाणाऱ्या बोटीचे इंजिन अचानक बंद पडणे ही रस्त्यावर वाहन बंद पडण्यासारखी किरकोळ अडचण नसते. इंजिन थांबताच बोटीवरील नियंत्रण जाते आणि वारा व भरती-ओहोटीचा प्रवाह तिला खडकांकडे किंवा मोठ्या जहाजांच्या मार्गात नेऊ शकतो. अशा बिघाडांमागे शीतकरण यंत्रणेतील दोष हे नेहमी आढळणारे कारण आहे. मात्र इंजिन अति तापणे हा एकच धोका नाही. ते पुरेसे न तापणे हेदेखील कालांतराने हानिकारक ठरते. दोन्ही दोषांच्या निदानात पहिला प्रश्न एकच असतो : तापमान बिघडते ते कोणत्या वेगाला?

शीतकरणाच्या दोन पद्धती

इंधनापासून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश भागच प्रत्यक्ष कामी येतो. जवळपास तितकीच उष्णता धुराबरोबर निघून जाते आणि उरलेली उष्णता मुख्यतः शीतकरणाच्या पाण्याला वाहून न्यावी लागते. थेट पद्धतीत बाहेरचे पाणी इंजिनाच्या आतूनच फिरवले जाते. बंद पद्धतीत इंजिनात कूलंट फिरते आणि बाहेरचे पाणी हीट एक्स्चेंजरमधून जाताना त्याची उष्णता घेते. बहुतेक बोटींमध्ये धूर वाहून नेणारा मार्गही याच बाहेरच्या पाण्याने थंड ठेवला जातो.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी फार तापल्यास त्यांतील काही क्षारांचे थर इंजिनातील मार्गांत बसू लागतात. त्यामुळे थेट पद्धतीच्या इंजिनात साधारणतः ६० अंश सेल्सिअसच्या आसपास उघडणारा थर्मोस्टॅट वापरतात. बंद पद्धतीत तो ७० अंश किंवा त्याहून अधिक तापमानाला उघडणारा असतो.

कमी वेगात तापणारे इंजिन

बोट संथ चालत असताना तापमान वाढत असेल आणि वेग घेताच ते उतरत असेल, तर प्रथम पाण्याचा पंप तपासावा. या पंपातील इम्पेलरची पाती लवचीक रबराची असतात. ती झिजली किंवा कायमची वाकली, की कमी फेऱ्यांमध्ये पंप पुरेसे पाणी ओढू शकत नाही. पंप कोरडा चालल्यास पाती अगदी थोड्या वेळात जळून तुटतात. तुटलेले तुकडे पुढे वाहत जाऊन हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकतात. म्हणून इम्पेलर बदलताना जुन्याची सर्व पाती मोजून पाहणे आणि हरवलेले तुकडे शोधून काढणे आवश्यक असते.

पाणी ओढणाऱ्या नळीच्या जोडातून हवा शिरत असल्यासही हीच लक्षणे दिसतात. आउटबोर्ड इंजिनात पाणी फिरत असल्याची खूण म्हणून एक बारीक धार बाहेर पडते. ती थांबल्यास इंजिन बंद करून तिचे छिद्र तारेने साफ करून पाहावे, कारण काही वेळा पाण्याचा मुख्य प्रवाह व्यवस्थित असतो आणि केवळ ते छिद्र तुंबलेले असते.

अधिक वेगात तापणारे इंजिन

संथ चालताना तापमान योग्य आणि वेग वाढवताच ते चढते, तर पंप पाणी देत असला तरी मार्गात कुठेतरी अडथळा असण्याची शक्यता अधिक असते. पाणी आत घेणाऱ्या जाळीवर अडकलेली प्लॅस्टिकची पिशवी, शेवाळ, भरलेली गाळणी आणि क्षारांनी आक्रसलेला हीट एक्स्चेंजर ही त्याची नेहमीची कारणे होत. जुन्या रबरी नळीचे आतील अस्तर सुटले, तर पंपाच्या ओढीने ते आत चिकटून मार्ग बंद करते. बाहेरून मात्र नळी धडधाकट दिसते. आउटबोर्ड इंजिन गरजेपेक्षा वर उचलून चालवल्यास पाणी घेणारी छिद्रेच पाण्याबाहेर येतात.

बंद पद्धतीत टाकीचे झाकणही महत्त्वाचे असते. त्यामुळे आतील दाब सुमारे १५ पाउंड प्रति चौरस इंच इतका राहिल्यास पाण्याचा उत्कलनबिंदू १०० वरून सुमारे १२० अंशांवर जातो. झाकणाची स्प्रिंग किंवा रबर कमकुवत झाल्यास हे संरक्षण नाहीसे होते. तापलेल्या इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये.

जोरात चालवून बोट एकदम थांबवल्यास तापमानाचा काटा थोडा वेळ वर जातो. हे स्वाभाविक आहे. तो काही मिनिटांत खाली न आल्यास मात्र तपासणी करावी.

इंजिन पुरेसे न तापल्यास

शक्तिशाली इंजिनांबाबत दुर्लक्षित राहणारा दोष हाच आहे. पाणी घेण्याचे तोंड बोटीच्या पुढच्या दिशेला असल्यास वेगामुळे पाणी आपोआप दाबाखाली आत शिरते. वेग दुप्पट झाला, की हा दाब चौपट होतो. गणिताने ताशी ३६ किलोमीटरला तो कमाल सुमारे अर्धा बार, तर ताशी ७२ किलोमीटरला सुमारे २ बार होतो. हा दाब सोडून देणारी झडप नसेल किंवा ती नादुरुस्त असेल, तर गॅस्केट आणि नळ्यांवर ताण येतो. थेट पद्धतीच्या इंजिनात थंड पाण्याच्या अतिरिक्त लोंढ्याने वेग वाढत असताना तापमान उलट उतरते.

कमी वेगातही इंजिन थंडच राहत असेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असू शकतो. काही आउटबोर्ड इंजिनांत दाबाने उघडणाऱ्या झडपेखाली वाळूचा कण अडकल्यानेही असे होते. थर्मोस्टॅट तपासणे सोपे असते. तो पाण्याच्या भांड्यात तापमापकासह टांगून पाणी तापवल्यास तो किती अंशांना उघडतो, हे दिसून येते.

इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याचा उपाय अयोग्य आहे. त्यामुळे मूळ अडथळा कायम राहतो आणि थंड इंजिनात न जळलेले पेट्रोल व बाष्प तेलात मिसळून वंगण पातळ होते. ॲल्युमिनियमचे पिस्टन तापल्यावर लोखंडी सिलिंडरच्या सुमारे दुप्पट प्रमाणात प्रसरण पावतात. त्यामुळे थंड इंजिनावर एकदम पूर्ण जोर दिल्यास पिस्टन सिलिंडरला घासण्याचा धोका असतो. पाण्यापेक्षा तेल तापण्यास अधिक वेळ लागतो. म्हणून सुरुवातीला मध्यम वेगाने बोट चालवावी आणि तेल निर्मात्याने सांगितलेल्या तापमानाला पोहोचल्यावरच पूर्ण वेग घ्यावा.

काट्यावर किती विसंबावे

तापमान मोजणारा संवेदक पाण्यात बुडालेला असेल, तरच खरे तापमान दाखवतो. इंजिनातील पाणी निघून गेल्यास तो हवेत राहतो आणि इंजिन धोकादायक तापलेले असतानाही काटा खाली दिसू शकतो. म्हणून धुराबरोबर पाणी बाहेर पडत आहे की नाही, यावर लक्ष ठेवावे. इन्फ्रारेड तापमापकाने इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे तापमान पडताळल्यास दोष नेमका कोणत्या बाजूला आहे, हे कळते. तेल दुधाळ झालेले आढळल्यास त्यात पाणी मिसळले आहे, असे समजून इंजिन चालवणे थांबवावे.

धोक्याची घंटा वाजल्यास वेग तत्काळ कमी करावा. पाणी बाहेर पडत नसेल, तर इंजिन बंद करावे आणि खोली अनुकूल असल्यास नांगर टाकावा. जाळी व गाळणी तपासल्याशिवाय इंजिन पुन्हा सुरू करू नये.

पावसाळ्यानंतरची दक्षता

पश्चिम किनाऱ्यावर मालवण, मांडवा किंवा गोव्यातील प्रवासी व जलक्रीडा बोटी पावसाळ्यात अनेक आठवडे बंद राहतात. या काळात इम्पेलरची पाती एकाच स्थितीत दबून राहतात आणि इंजिनातील क्षार सुकून घट्ट होतात. म्हणून बोट वर काढण्यापूर्वी इंजिन गोड्या पाण्याने धुऊन घेणे आणि हंगामाच्या आरंभी इम्पेलर बदलणे हितावह ठरते. सुटा इम्पेलर, पंपाचे गॅस्केट आणि ते बसवण्याची हत्यारे बोटीवर असल्यास समुद्रातच दुरुस्ती करून प्रवाशांना सुखरूप किनाऱ्यावर आणता येते.