डिस्क दोन, प्रत एकच

वर्सोव्याच्या पश्चिमेला अरबी समुद्र आणि उत्तरेला मालाडची खाडी. कोळीवाड्याच्या या परिसरात गेल्या काही दशकांत चित्रपट आणि दूरचित्रवाणी क्षेत्रातील अनेक मंडळी राहायला आली. चित्रण संगणकावर उतरू लागल्यावर संकलनाचे काम घरातल्या एका खोलीतही होऊ लागले. डीव्ही प्रकारच्या फितीवरील एक तासाचे चित्रण संगणकावर घेतले, तर सुमारे १३ गिगाबाइट जागा लागते. घरात दोन-तीन संगणक असतात आणि सर्वांना त्याच फायली हव्या असतात. मग या फायली ठेवायच्या कुठे आणि कशा? शाळेच्या संगणक कक्षालाही हाच प्रश्न पडतो. त्याचे उत्तर शोधताना साठवणीचा इतिहास उपयोगी पडतो, कारण त्यातील प्रत्येक युक्ती कोणत्या तरी विशिष्ट अडचणीवरचा उपाय म्हणून जन्माला आली आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' हा भारतीय शास्त्रज्ञांनी बांधलेला संगणक सुरू झाला. लहान लहान चुंबकीय कड्यांच्या त्याच्या स्मृतीत २०४८ शब्द मावत आणि प्रत्येक शब्द ४० बिटांचा असे. गुणाकार केला तर ८१,९२० बिटे, म्हणजे अवघे १० किलोबाइट! १९६४ मध्ये याच संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. त्या काळात मोठा साठा चुंबकीय फितींवर ठेवण्याची पद्धत होती. फितीच्या मधल्या भागातील माहिती हवी असेल तर तिथपर्यंत फीत गुंडाळावी लागे. ही अडचण डिस्कने दूर केली. आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये आणलेल्या पहिल्या डिस्क यंत्रात ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. वाचणारे शीर्ष थेट हव्या त्या जागी जाई. फितीचा एक गुण मात्र मागे पडला. फीत यंत्रातून काढून दुसऱ्या इमारतीतल्या कपाटात सहज ठेवता येत असे. डिस्क यंत्रातच राहू लागली.

पुढची अडचण होती ती वाटून घेण्याची. १९८४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने अशी व्यवस्था आणली, की जाळ्यातील दुसऱ्या संगणकावरची फाइल आपल्याच संगणकावर असल्यासारखी उघडावी. १९९१ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल याने 'सांबा' या आज्ञावलीवर काम सुरू केले. तिच्यामुळे युनिक्स प्रकारचा संगणक साध्या पीसींनाही फायली पुरवू शकतो. घरात एक संगणक किंवा छोटी पेटी 'फायलींचे कोठार' म्हणून ठेवण्याची कल्पना याच वाटेने आली.

आता सर्व फायली एकाच ठिकाणी आल्या, म्हणजे ती डिस्क बिघडली की सगळेच गेले. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी एक प्रसिद्ध निबंध मांडला. महागड्या मोठ्या डिस्कऐवजी स्वस्त छोट्या डिस्कचा संच वापरा, असे त्यांचे म्हणणे होते. पण त्यांनी गणितही मांडले : एक डिस्क सरासरी ३०,००० तास चालत असेल, तर १०० डिस्कच्या संचात सरासरी ३०० तासांतच, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत, एखादी बंद पडेल. म्हणून संचात जादा माहिती ठेवायला हवी. या पद्धतीला 'रेड' म्हणतात.

तिची युक्ती वर्गात सहज समजावता येते. तीन मुलांना तीन डिस्क समजा. पहिल्याजवळ ७, दुसऱ्याजवळ ५ आणि तिसऱ्याजवळ त्यांची बेरीज १२. दुसरा मुलगा वर्गाबाहेर गेला, तरी १२ मधून ७ वजा केले की त्याचा आकडा मिळतो. संगणक बेरजेऐवजी बिटांची सम-विषमता वापरतो, एवढाच फरक. याहून सोपी रीत म्हणजे दोन डिस्कवर तीच माहिती एकाच वेळी लिहिणे.

इथेच अनेकांची गल्लत होते. दोन डिस्क म्हणजे दोन प्रती, असे वाटते. पण चुकून एखादी फाइल पुसली, तर ती दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते. विषाणूने फायली बिघडवल्या, तर दोन्हीकडे बिघडतात. पेटी चोरीला गेली, तर दोन्ही डिस्क जातात. आणि पाणी? २६ जुलै २००५ रोजी मुंबईच्या उपनगरांवर जो पाऊस कोसळला, त्याची सांताक्रूझ येथील नोंद २४ तासांत ९४४ मिलिमीटर होती. अनेक तळमजल्यांत पाणी शिरले. अशा पाण्यात बुडालेल्या पेटीत डिस्क दोन होत्या की चार, याला काही अर्थ उरत नाही. 'रेड'च्या कर्त्यांनी सोडवलेला प्रश्न डिस्क बंद पडण्याचा होता. पुराचा किंवा माणसाच्या चुकीचा नव्हता.

म्हणून घरासाठी किंवा शाळेसाठी निवड करताना आधी धोक्यांची यादी करावी. डिस्क बिघडली तरी काम थांबू नये, एवढीच गरज असेल तर दोन डिस्कची पेटी पुरे. ती तळमजल्यावर जमिनीपासून उंच आणि खाऱ्या, दमट वाऱ्यापासून दूर ठेवावी. पण फायली पुन्हा मिळणारच नसतील, म्हणजे लग्नाचे चित्रण, आजोबांच्या आवाजाची ध्वनिफीत, विद्यार्थ्यांचे प्रकल्प, तर पैसे मर्यादित असताना दुसरी डिस्क त्याच पेटीत बसवू नये. तिच्यावर आठवड्यातून एकदा प्रत काढावी, ती संगणकापासून सोडवावी आणि दुसऱ्या वस्तीतील नातेवाइकांकडे ठेवावी. अधूनमधून त्या प्रतीवरची एखादी फाइल उघडूनही पाहावी, कारण न तपासलेली प्रत ऐन वेळी दगा देऊ शकते.

साठ वर्षांपूर्वी फीत कपाटात नेऊन ठेवणाऱ्याला ही सोय आपोआप मिळत होती. आज ती आपल्याला आठवणीने करावी लागते.