‘आता तुमची ओळख दाखवा!’: चॅपची छोटीशी हिस्टरी

आजचा एपिसोड एका साध्या प्रश्नाबद्दल आहे: “मी माझी ओळख दिली, आता तुमची?” हा प्रश्न विचारायला कॉम्प्युटरला बरीच वर्षं लागली.

सुरुवात डायल-अप मोडेमपासून करू. फोन लाइनवरून जोडणी करायला पीपीपी नावाचा प्रोटोकॉल असायचा. त्यात ओळख पटवायची एक पद्धत होती पॅप. म्हणजे काय, तर पासवर्ड जसाच्या तसा पाठवून द्यायचा! मधे कोणी ऐकत असेल तर खेळ खल्लास. दुसरी पद्धत होती चॅप. १९९२ च्या आरएफसी १३३४ मध्ये दोन्ही आहेत.

चॅपमध्ये सर्व्हर एक रँडम आकडा पाठवतो. तुम्ही त्यात तुमचा गुप्त शब्द मिसळता, ते सगळं एमडी५ मधून काढता आणि फक्त उत्तर परत पाठवता. सर्व्हर तेच गणित स्वतः करून ताडून बघतो. शब्द वायरवर जातच नाही, आणि आकडा दरवेळी नवा असल्यामुळे कालचं उत्तर आज चालत नाही.

भारी ना? पण इथे एक गोष्ट गृहीत धरली होती: ओळख लहानानं द्यायची, मोठ्यानं फक्त तपासायची. टूजीचंही तसंच. सिम टॉवरला ओळख द्यायचं, टॉवर सिमला नाही. म्हणून तर खोटे टॉवर उभे करून फोन फसवता आले. थ्रीजीमध्ये दोन्हीकडून तपासणी आली.

२००४ मध्ये आय-स्कझीचं स्टँडर्ड आलं, आरएफसी ३७२०. आता सर्व्हरची डिस्क नेटवर्कच्या पलीकडे असणार होती. समजा पलीकडे बसलेला स्टोरेज बॉक्सच तोतया निघाला, तर? तुमचा सगळा डेटा तुम्ही आपल्या हातानं त्याला लिहून देणार, आणि तो जे वाचायला देईल ते खरं मानणार. म्हणून इथे म्युच्युअल चॅप महत्त्वाचं: आधी स्टोरेज सर्व्हरला तपासतं, मग सर्व्हर स्टोरेजला.

आता गंमत बघा. १९९६ च्या आरएफसी १९९४ मध्ये म्हटलं होतं की दोन्ही दिशांना तोच गुप्त शब्द सहज वापरता येईल. २००४ मध्ये त्यालाच सक्त मनाई झाली! का? शब्द एकच असेल तर तोतया स्टोरेज तुमचा प्रश्न दुसऱ्या कनेक्शनवर तुम्हालाच विचारतो, तुमचंच उत्तर घेतो आणि पहिल्या कनेक्शनवर तुमच्या तोंडावर मारतो. याला म्हणतात रिफ्लेक्शन अटॅक.

अशोकवनात सीतेला आधी वाटलं, रावणच वेष बदलून आलाय. रामाची अंगठी बघून तिला हनुमान पटला. परत पाठवताना मात्र तिनं चूडामणी दिला. तीच अंगठी परत गेली असती तर ती सीतेला भेटला हे रामाला कसं कळलं असतं?

स्टँडर्डनं आणखी एक अट घातली. गुप्त शब्दात किमान ९६ रँडम बिट हवेत, नाहीतर आयपीसेकचं एन्क्रिप्शन लावायलाच हवं. कारण शब्द सोपा असेल तर पकडलेल्या उत्तरावरून तो घरबसल्या शोधून काढता येतो. आणि लक्षात ठेवा, चॅप फक्त ओळख पटवतं, डेटा झाकत नाही.

सेटिंगमध्ये म्युच्युअल चॅप आजही बहुतेक वेळा ऐच्छिक असतं. तुम्ही कधी स्टोरेज जोडलंत, तर ते चालू करा, आणि दोन बाजूंना दोन वेगळे, लांबलचक शब्द द्या. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!