अर्ध्या ब्लेडची कुळकथा

वस्तरा चालवणं हे कसब आहे. दगडावर पाजायचा, चामड्याच्या पट्ट्यावर उलटसुलट घासायचा आणि गालावर टेकवला की त्याचा तिरकेपणा मनगटाने राखायचा. हे सगळं न्हाव्याच्या हातात असे आणि वस्तरा त्याच्या धोकटीत.

अठराव्या शतकात झाँ-झाक पेरे या फ्रेंच कारागिराने वस्तऱ्याला लाकडी आवरण घातलं. धार जेमतेम बाहेर ठेवली. 1880 साली न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी पुढे दातेरी आडोसा असलेल्या रेझरचं पेटंट घेतलं. कातडी वाचली, पण पातं जाडच होतं. पट्ट्यावर घासणं काही सुटलं नाही.

ते सोडवलं किंग कॅम्प जिलेट या फिरत्या विक्रेत्याने. पातं पत्र्याइतकं पातळ करायचं, दोन्ही कडांना धार द्यायची आणि बोथट झालं की फेकून द्यायचं. एवढं पातळ पोलाद कडक करून धारदार बनवण्याची यंत्रं विल्यम निकरसन या अभियंत्याने उभी केली. 1903 मध्ये खपले 51 रेझर आणि 168 ब्लेड. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी 35 लाख रेझर मागवले. शिपाई घरी परतले ते स्वतःची दाढी स्वतः करायची सवय घेऊनच.

रत्नागिरीजवळ भाट्याच्या किनाऱ्यावर मात्र या ब्लेडचा वैरी दुसराच होता. ती साध्या कार्बन पोलादाची. खाऱ्या, दमट हवेत ओली राहिली की गंजायची. वापरून झाल्यावर पुसून, खोबरेलाचं बोट फिरवून ठेवली तरच ती टिकायची. विल्किन्सन स्वोर्डने 1962च्या सुमारास स्टेनलेस ब्लेड बाजारात आणलं, आणि कोकणासारख्या मुलखात खरा फरक पडला तो तेव्हा. पुढे आपल्याकडे टोपाझ, सुपरमॅक्स ही नावं घरोघरी झाली. दाढीला नको झालेलं ब्लेड शिवण उसवायला नि पेन्सिलीला टोक करायला उरायचं.

फेसाचं गणितही किनाऱ्याशी जुळतं. मचूळ पाण्यात बहुतेक साबण फुटतात. खोबरेलाचा साबण मात्र त्यातही फेसाळतो. दाढीच्या साबणात पटकन फेस येतो तो बहुधा खोबरेलामुळे आणि टिकतो तो स्टिअरिक आम्लामुळे. भाट्यात 1955 पासून नारळ संशोधन केंद्र आहे, तेव्हा या मालाची गावाला वेगळी ओळख नको.

आज हा दुधारी ब्लेडचा रेझर हाती घेणाऱ्याने काही गोष्टी पाळाव्यात. पातं गालाशी साधारण तीस अंशांवर टेकवावं आणि रेझर दाबू नये. काम रेझरच्या वजनाला करू द्यावं. आधी केसांच्या कलाने फिरवावा, शेवटी तुरटी लावावी.

1971 मध्ये जोड पात्यांचे रेझर आले आणि हा रेझर मागे पडला. ब्लेड मात्र टिकलं. एड्सच्या धास्तीने गिऱ्हाइकागणिक नवी धार हवी झाली, तेव्हा न्हाव्यांनी तेच ब्लेड मधोमध मोडून अर्धं वस्तऱ्यात बसवायला सुरुवात केली. वस्तऱ्याला हटवायला निघालेल्या ब्लेडनेच वस्तरा जगवला.

वापरलेलं ब्लेड उघडं कचऱ्यात टाकू नका. पत्र्याच्या डबीत साठवा. कचरा उचलणाऱ्याचे हात सलामत राहतील.